ओझ्याचं पाऊल

१

सन २०२२, ऑक्टोबरची एकोणीस तारीख, बुधवार. उन्हाळा मोडला होता. पहाटे समुद्राकडून धुकं चढून आमच्या माळावर यायला लागलं होतं. त्या दिवसांत वाळू पहाटे ओली होते आणि ऊन आलं की तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. माग वाचायला याहून चांगले दिवस नाहीत.

मी बखीत. वय सत्तर. शाळेत गेलो नाही. वाळूवरून कोण गेलं, कधी गेलं, घाईत होतं की दमलेलं, हे मी सांगतो. माझा बाप हेच करत होता, त्याचा बापही हेच. उंट चोरीला गेला की लोक आमच्या तंबूत येत. आम्ही पावलाशी बसून नाव घेत असू आणि ते नाव काझीसमोर चालत असे. दुसरा साक्षीदार लागत नसे.

जुन्या विहिरीजवळ सरकारने प्राण्यांच्या अभ्यासाचं ठाणं बांधलं आहे. सहा खोल्या, पाण्याची टाकी, एक पिकअप. तिथे मला एकाच कामाचा पगार होता. रोज सकाळी रिहाबबरोबर जायचं, पाऊल दिसलं की उतरायचं, नाव सांगायचं. ओरिक्स, चिंकारा, खोकड, घोरपड, जे असेल ते.

रिहाब ट्युनिसियाची, गाबेस गावची, सत्तावीस वर्षांची. ती पीएच.डी. करत होती. यंत्राला माग वाचायला शिकवत होती. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने ती पावलाचा फोटो काढायची, मी सांगितलेलं नाव कागदावर लिहायची, खाली माझा अंगठा घ्यायची. ते नाव यंत्राला सांगायचं नाही. संध्याकाळी यंत्र त्याला वाटलेलं नाव सांगे. मग दोन्ही जुळवून बघायची.

"हे शिकतंय कुणाकडून?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तुमच्याकडून, काका."

"मग त्याला सांग, मोठ्यांच्या आधी बोलायचं नाही."

"ते गरीब आहे हो. विचारल्याशिवाय बोलतच नाही. तुमच्यासारखं नाही."

जून महिन्यात तिने ठाण्यातल्या सगळ्यांना अनवाणी चालायला लावलं होतं. फावड्याने सारखी केलेली वाळू, तिच्यावरून एकेकाने जायचं. आमची पावलं यंत्राला ओळखता आली की ती बाजूला काढता येतील, म्हणून. मी चाललो, ठाण्याचे प्रमुख डॉक्टर खलफान चालले, स्वयंपाकी शंबे चालला. शंबेच्या पावलाला यंत्र पुढे महिनाभर उंटाचं पिल्लू म्हणत होतं.

ठाण्याच्या आग्नेयेला आठ पट्टे आखले होते. पहिला विहिरीपासून दोन किलोमीटर, आठवा सोळा. आठव्याच्या पलीकडे मोठी वाळू सुरू होते. तिकडे कुणी जात नाही.

त्या बुधवारी आठव्या पट्ट्यावर माणसाचं पाऊल होतं. अनवाणी.

मी उतरून उकिडवा बसलो. धुक्याचे थेंब पडून सगळ्या वाळूवर बारीक खळगे उठले होते, देवीच्या वणांसारखे. पावलाच्या आत एकही खळगा नव्हता. म्हणजे धुकं निवळल्यावर कुणी गेलं होतं. सूर्य वर येऊन तास झाला नव्हता. मी उभा राहिलो, चहूकडे पाहिलं. माळ हाताच्या तळव्यासारखा सपाट होता. इथे बसलेला उंट पाच किलोमीटरवरून दिसतो. काही नव्हतं.

पुन्हा बसलो. तेव्हा उजव्या पायाच्या टाचेत तिरकी रेघ दिसली.

"कुणाचं, काका?" रिहाबने विचारलं.

"परक्याचं," मी म्हणालो.

तिने लिहिलं. मी अंगठा दिला.

पाऊल माझं होतं.

२

संध्याकाळी शंबे भात आणि सुकवलेल्या मुशीचं कालवण घेऊन आला. रिहाब आपला संगणक मांडीवर घेऊन बसली होती. एकदम हसली.

"काका, यंत्र म्हणतंय ते परकं पाऊल तुमचं आहे. बखीत, अठ्ठ्याण्णव टक्के. आणि पाऊल किती रुतलं त्यावरून वजन किती सांगतंय, माहीत आहे? एकशे अठरा किलो."

"आत्ता कळलं," शंबे म्हणाला, "माझी हंडी रोज कोण साफ करतं ते. शेख, वरून सुकडे दिसता, खाता कुठे लपून?"

"तुझं जेवण लपून खाण्यासारखं असतं तर खाल्लं असतं," मी म्हणालो.

दवाखान्यातल्या काट्यावर माझं वजन अठ्ठावन्न भरलं होतं. हे तिघांनाही ठाऊक होतं.

रिहाबने जूनचा फोटो काढून शेजारी ठेवला. "टाचेवर रेघ दोन्हीकडे आहे बघा."

"आमच्याकडे निम्म्या माणसांच्या टाचा फाटलेल्या असतात."

ती थोडा वेळ दोन्ही चित्रं बघत राहिली. मग म्हणाली, "वजन इतकं चुकतंय म्हणजे नावही चुकत असणार. तुम्ही म्हणता तर परकंच. तुमचा शब्द अंतिम. नियमच आहे तसा."

नियम मलाही ठाऊक होता. तिची जागा त्या नियमावर उभी होती. पहिल्या वर्षाचा पैसा मिळाला होता. पुढची तीन वर्षं मिळायची की नाही, ते डिसेंबरात ठरणार होतं. मस्कतहून परीक्षक येणार, चिठ्ठ्या टाकून दोनशे पावलं उचलणार, आणि माझा शब्द नि यंत्राचा शब्द जुळवणार. दोनशेपैकी एकशे ऐंशी जुळले तर ती राहणार. नाहीतर घरी.

असल्या जागा जगात हजारो निघतात, हे तिनेच सांगितलं होतं. यंत्राला ताऱ्यांचा उजेड शिकवायचा, यंत्राला औषधं शोधायला शिकवायचं, पाऊस शिकवायचा, हाडांचे फोटो शिकवायचे. ती जाहिराती मोठ्याने वाचायची आणि शंबे विचारायचा, "यात स्वयंपाक शिकवायची जागा आहे का?" तिने एकेचाळीस ठिकाणी अर्ज केले होते. चाळीस वाया गेले. काही ठिकाणांहून नकार आला. बऱ्याच ठिकाणांहून तोही नाही. एकेचाळिसावी जाहिरात आमच्या ठाण्याची होती. माळावर राहायची तयारी हवी म्हणून त्या जागेला अर्जच थोडे आले होते.

"गाबेसमध्ये आई सगळ्यांना सांगते, माझी मुलगी डॉक्टर होतेय," ती एकदा म्हणाली होती. "शेजारीण दाढ दाखवायला थांबली आहे."

जेवण झाल्यावर मी खोलीत गेलो, दार लावलं आणि उजव्या पायाचा तळवा उजेडात धरून पाहिला. टाचेवरचा वण पंचेचाळीस अंशात डावीकडे उतरतो, अंश वगैरे रिहाबचे शब्द. वाळूतली रेघ तेवढीच, पण उलटी उतरत होती, ठशात उतरते तशी.

३

मी विचार करणारा माणूस आहे. जिन्न-भुतांच्या गोष्टी बायकांना सांगायला ठीक.

पहिला विचार, मी झोपेत चालतो. पण आठवा पट्टा सोळा किलोमीटरवर. माझे गुडघे विहिरीपर्यंत जाऊन कुरकुरतात. तरी मी खोलीभोवतीची वाळू संध्याकाळी फळीने सारखी केली. सकाळी तिच्यावर एका काळ्या भुंग्याचा माग होता, दुसरं काही नाही.

दुसरा विचार, शंबेची चेष्टा. माझ्या पायाचा साचा करून उमटवला असेल. पण साचा सगळीकडे सारखा दाबला जातो. जिवंत पाय आधी टाचेवर येतो, मग बाहेरच्या कडेवर, मग बोटांवर. हा पाय तसाच आला होता.

तिसरा विचार, हा पाय तरुणपणीचा असेल, जुनी वाळू वाऱ्याने उघडी पडली असेल. तोही टिकला नाही. तळव्याची कमान बसलेली होती. म्हाताऱ्याचा पाय. आजचा.

पाच दिवसांनी ते सातव्या पट्ट्यावर होतं. मग सहाव्या. दर पाच-सहा दिवसांनी एक पट्टा जवळ. दर वेळी तीसचाळीस पावलं, कुठून तरी सुरू होणारी, कुठेतरी संपणारी. अलीकडे कोरी वाळू, पलीकडे कोरी वाळू. तोंड नेहमी विहिरीकडे.

रिहाब फोटो काढत गेली. मी दर वेळी म्हणालो, परकं. दर वेळी अंगठा दिला. यंत्र दर वेळी म्हणालं, बखीत, आणि एकशे अठरा.

"आता हे मला खरंच छळतंय," ती म्हणाली. "हरणांची वजनं बरोबर सांगतं. माझं बरोबर सांगितलं, ते न सांगितलं तरी चाललं असतं. फक्त या एका माणसाशी आलं की बिघडतं."

यंत्र बिघडलं नव्हतं. हे मला दुसऱ्या खेपेलाच दिसलं होतं. टाचा खोल रुतल्या होत्या. बोटं वाळू धरत होती. दोन पावलांतलं अंतर आखूड, पाय फाकलेले. दहावीस पावलांनी तो माणूस थांबायचा, उजवा पाय बाहेर वळवायचा आणि पाठीवरचं वर सरकवायचा. पाठीवर ओझं होतं. अठ्ठावन्न माझे. उरलेले साठ त्याचे.

पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाचा माग मी हजारदा पाहिला आहे. पोतं एकसारखं असतं. हे ओझं मधूनच डावीकडे झुकत होतं. पेलणारा सावरायचा. मग ते पुन्हा सरळ व्हायचं, आपणहून.

पोतं आपणहून सरळ होत नाही.

४

आता गानिमचं सांगतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गानिम माझा सोबती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, सडसडीत, नेहमी खोड्या काढणारा. सन १९७१ मध्ये मोठ्या वाळूत मला फुरशाने टाचेला डसलं. गानिमने सुरीने टाच तिरकी कापली, रक्त काढलं आणि मला पाठीवर घेतलं. उंट आदल्या दिवशीच पांगले होते. दोन दिवस त्याने मला वाहून आणलं. याच विहिरीवर. पाणी काढलं ते आधी मला पाजलं.

"जड आहेस रे," तो म्हणाला होता. "पुढच्या खेपेला तू मला आण. म्हणजे तुला कळेल."

दोन वर्षांनी, जूनमध्ये, त्याच मोठ्या वाळूत उंटाने त्याला पाडलं. कंबर मोडली. सोबत मी एकटाच होतो. उंट पळाला. मी गानिमला पाठीवर घेऊन पाहिलं, तो ओरडला, मी खाली ठेवलं. पुन्हा उचलायला हवं होतं. मी पखालीतलं निम्मं पाणी त्याच्याजवळ ठेवलं. म्हणालो, विहिरीवर जातो, माणसं घेऊन येतो, माझाच माग धरून परत येतो. तो म्हणाला, ये. एवढंच.

विहिरीवर मला पाच माणसं भेटली. मी पाणी प्यालो आणि तिथेच पडलो. उठलो तेव्हा वारा सुटला होता. आम्ही निघालो. तासाभरात माझा माग संपला. वाऱ्याने पुसला होता. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो. मी, मुबारकचा मुलगा, ज्याच्या बापाने तीन वर्षांपूर्वीचा उंट पावलावरून ओळखला होता, मला माझंच पाऊल सापडेना.

माणसं माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "राहू द्या. मी निघालो तेव्हाच तो गेला होता. मी पुरून आलो आहे. फक्त जागा दाखवायची होती."

ते थांबले. गानिमसाठी प्रार्थनेचे दोन शब्द म्हणाले. आम्ही परतलो.

त्याच्याजवळ अर्धी पखाल पाणी होतं. तेवढ्यावर माणूस दोन दिवस काढतो. सावली असेल तर तीन.

५

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला पाऊल पहिल्या पट्ट्यावर होतं. तिथून ठाण्याची टाकी दिसते.

पावलं वीस होती. शेवटच्या दोन पावलांत टाचा वर आणि बोटं खोल. माणूस वाकला होता, गुडघ्यांवर आला होता, पाठीवरचं हळूच उतरवलं होतं. त्यानंतर त्याच्या पावलांचा माग नव्हता. पुढे नाही, मागे नाही, बाजूला नाही.

जिथे उतरवलं तिथे बसल्याची खूण होती. माणूस जमिनीवर बसला की पडते तशी. एक पाय आखडलेला, दुसरा लांब. उजव्या हाताचा पंजा मागे टेकलेला, सगळा भार त्या हातावर. कंबर दुखणारा माणूस तसा बसतो.

रिहाब कॅमेरा घेऊन पलीकडे उभी होती. "हे नवीन आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणीतरी बसलं होतं का इथे?"

मी त्या खळग्याच्या कडेकडे बघत होतो. कडेवरून वाळूचे कण आत ओघळत होते. थांबले. मग हाताच्या खुणेत पंजा थोडा खोल गेला, आणि खळग्याची डावी कड ढासळली. माणूस बसल्या जागी भार बदलतो तेव्हा ढासळते तशी.

"काका, वारा आहे का?" रिहाबने विचारलं.

तिच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक सरळ खाली लोंबत होतं.

"आहे थोडा," मी म्हणालो.

तिने फोटो काढला नाही. आम्ही गाडीत जाऊन बसलो. तिने किल्ली फिरवली ती दोनदा चुकली.

त्यानंतर पाऊल आलं नाही. एक दिवस नाही, चार नाही, दहा नाही. उरलेले दोन किलोमीटर कोरे राहिले. रोज सकाळी आम्ही पहिल्या पट्ट्यावरून जायचो तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. पण कान ऐकत होते. मोकळ्या माळावर माणूस बसलेला असला की तिथली शांतता वेगळी असते. खोलीत कुणी झोपलेलं असतं तेव्हाची.

६

परीक्षक मंगळवारी, तेरा डिसेंबरला आले. एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक बाई, दोघं मस्कतचे. शंबेने बकरा कापला. बाईंनी चिठ्ठ्या टाकून दोनशे पावलं निवडली, माझे कागद उघडले, यंत्राचं उत्तर शेजारी लावलं. दुपारपर्यंत काम झालं.

दोनशेपैकी एकशे एकोणसत्तर जुळले. एकतीस चुकले. त्या एकतिसांत सात होते खोकड आणि मांजर यांच्या घोळाचे. चोवीस त्या परक्या माणसाचे.

"ती चोवीस बाजूला काढता येतील का?" डॉक्टर खलफाननी विचारलं.

"निकाल बघून पावलं वगळायची?" गृहस्थ म्हणाले. "मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या?"

"नको," रिहाब म्हणाली. "नियम मीच लिहिला होता."

ती उठून बाहेर गेली. मीही गेलो. ती टाकीच्या सावलीत उभी होती. रडत नव्हती. फोनवर जाहिराती बघत होती.

"नॉर्वेत एक जागा आहे," ती म्हणाली. "माशांचे आवाज. अंतिम तारीख काल होती." मग फोन खिशात घातला. "काका, एकदाच विचारते. पुन्हा नाही विचारणार. ते पाऊल तुमचं आहे?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग यंत्रच चुकलं. मी उगाच तुमच्यावर संशय घेत होते. माफ करा."

तिने माझ्या शब्दापुढे आपलं यंत्र खोटं मानलं. पन्नास वर्षांपूर्वी पाच माणसांनी माझ्या शब्दापुढे आपले उंट वळवले होते. तेही असेच चटकन. कुणी पुन्हा विचारलं नव्हतं.

मी आत गेलो. तिघं कहवा पीत होते.

"ती चोवीस पावलं माझी आहेत," मी म्हणालो.

डॉक्टर खलफाननी पेला खाली ठेवला. "बखीत, पोरीची दया येते ते मी समजतो. पण माणसाने साक्ष फिरवू नये. तू तर नाहीच."

"दया नाही. मी खोटं बोललो होतो."

"मग बाकीच्या एकशे शहात्तरांचं काय धरायचं?" गृहस्थांनी विचारलं. "तीही खोटी असतील."

"बाकीच्यांत माझी लाज नव्हती," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "कशावरून तुमची?"

आमच्यात समोरच्याला पायाचा तळवा दाखवत नाहीत. कुत्र्यालाही नाही. बसताना पाय दुमडून घेतात, म्हातारे तर मरणाच्या खाटेवरही चादर ओढतात. मी खुर्चीवर बसलो, वहाण काढली आणि उजवा पाय उचलून तळवा त्यांच्यासमोर धरला. डॉक्टर खलफाननी मान फिरवली. बाईंनी फिरवली नाही. त्यांनी संगणकावरचा फोटो जवळ ओढला, वण पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"हा वण कशाचा?"

मी सांगितलं. सुरी कुणाची, ती कुणी धरली, मला कुणी वाहून आणलं. मग १९७३ चंही सांगितलं. सगळं सांगितलं. पाय तसाच वर धरलेला होता, खाली घ्यायचं सुचलं नाही. रिहाब दारात येऊन उभी होती.

डॉक्टर खलफाननी मान परत वळवली.

"आणि वजन?" गृहस्थांनी शेवटी विचारलं. "यंत्र एकशे अठरा सांगतंय."

"तेही बरोबर आहे."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "परीक्षा नावाची आहे. वजनाची नाही." त्यांनी कागदावर लिहिलं. एकशे त्र्याण्णव. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं की यापुढे बखीत बिन मुबारक यांची साक्ष या कामात धरू नये. तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला. मी अंगठा दिला. तो खरा होता.

"काका," रिहाब बाहेर माझ्यामागे आली. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"आता गानिमच्या घरच्यांना कळेल."

"शंबेने दाराआडून ऐकलं आहे. म्हणजे कळलंच."

ती हसली नाही. "ते पहिल्या पट्ट्यावर काय होतं?"

"उद्या सकाळी तिकडे गाडी नेऊ नकोस," मी म्हणालो.

७

बुधवारी धुकं लवकर निवळलं. ऊन चढल्यावर मी निघालो. वहाणा खोलीतच ठेवल्या. हातात काही घेतलं नाही.

दोन किलोमीटर चालायला मला बराच वेळ लागला. सोळा दिवस वारा वाहिला होता, पाऊस नव्हता तरी वाळू हलली होती. आमच्या गाडीच्या चाकांचे त्या दिवशीचे माग पुसले होते. बसल्याची खूण तशीच होती. कडा ताज्या. हात मागे टेकलेला.

मी तिच्याकडे पाठ केली आणि वाकलो. गुडघे टेकले. हात मागे नेऊन तळवे वर केले, कुणाला पाठीवर घ्यायचं असलं की करतात तसे. असं बसल्यावर माणसाला स्वतःचं हसू यावं. मला आलं नाही. समोर टाकी दिसत होती, तिच्यावर ऊन होतं.

"चल," मी म्हणालो.

काही वेळ काहीच झालं नाही. मग मागे वाळू सरकली.

खांद्यावर आधी एक हात आला. मग दुसरा. मग भार. मी वळून पाहिलं नाही. मानेजवळ श्वास होता, कोरडा, जिभेवर पाणी नसलेल्या माणसाचा. माझ्या उजव्या खांद्यावरून एक हात छातीवर लोंबला. मी खाली बघत होतो म्हणून तेवढा दिसला. मनगट सडसडीत होतं. कातडी तरुण होती.

मी उठलो. कसा उठलो, ठाऊक नाही. टाचा रुतल्या. बोटांनी वाळू धरली. दहावीस पावलांवर थांबायचो, उजवा पाय बाहेर वळवून त्याला वर सरकवायचो. तो डावीकडे झुकायचा, कंबर तिकडूनच मोडली होती. मी सावरायचो. मग तो आपणहून सरळ व्हायचा.

तो ओरडला नाही. मी खाली ठेवलं नाही.

विहिरीशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रिहाब खोलीच्या दारात उभी होती. तिने पाहिलं, आणि जागची हलली नाही. शंबे तिच्या मागे होता. त्याच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली.

मी कठड्याशी गुडघ्यांवर आलो आणि त्याला हळूच उतरवलं. पाठ रिकामी झाली. पोहरा सोडला, पाणी काढलं. मला तहान होती. मी प्यालो नाही. कटोरा भरला आणि कठड्याजवळ, वाळूत नुकताच पंजा उमटला होता तिथे, धरला.

कटोरा रिकामा झाला. मी पुन्हा भरला. तोही झाला.

तिसरा भरला. तो भरलेलाच राहिला.